फळीची वेळ

काल बाईंनी कवळी रुमालात गुंडाळली आणि खणात सरकवली. मी समोरच्याच टेबलावर मेण तापवत बसले होते, त्यामुळे पाहिलं नाही असं म्हणायची सोयच नव्हती. सुरी दिव्यावर तशीच राहिली. मेण जळल्याचा वास सुटला आणि कोपऱ्यातून पॉलिशवाले काका ओरडले, "घाई, अगं दात लावतेस की फोडणी देतेस?" सगळे हसले. बाईही हसल्या, चष्मा कपाळावर ढकलून, नेहमीसारख्या. मला तेच फार लागलं. आत्ता, या क्षणी खणात एक वाकडं काम दडवून माणूस इतकं मोकळं हसू शकतं? आणि दुसरं कोणी नाही, बाई? थोड्या वेळानं चहाची किटली आली, आम्ही खुर्च्या ओढून फळीखाली बसलो, आणि बाई म्हणाल्या, "माझं आज काही नाही बाबा. पुढे चला." त्यांच्या आवाजात काही म्हणजे काही नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चहा तसाच ठेवून मी साचे धुवायला उठले आणि नळ इतका जोरात सोडला की मी पुढून सगळी भिजले.

आम्ही दात बनवतो. हे सांगितलं की लोक आधी स्वतःच्या तोंडावर हात नेतात आणि मग हसायचं की नाही याचा विचार करतात. दवाखान्यांतून जबड्यांची मापं येतात, त्यांचे प्लास्टरचे साचे करायचे, साच्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवायची, त्या मेणात एकेक दात बसवायचा. मग ती मेणाची कवळी दवाखान्यात जाते, पेशंटच्या तोंडात घालून बघतात, आणि सगळं जमलं की मेणाच्या जागी पक्कं प्लास्टिक येतं. ऐकायला सोपं आहे. पण दात माणसाच्या चेहऱ्यात बसवायचे असतात, आणि चेहरा आमच्यासमोर कधीच नसतो. समोर असतो तो नुसता प्लास्टरचा जबडा, तुमच्याकडे तोंड करून. त्याचा उजवा तो तुमचा डावा. नवीन माणूस पहिल्या आठवड्यात हमखास सुळे उलटे लावतं, उजवा डावीकडे आणि डावा उजवीकडे. एवढासा फरक, पण ती कवळी घातली की माणूस हसला तरी अंगावर आल्यासारखा दिसतो. बाईंच्या खणातल्या कवळीचे सुळे उलटे होते. मला तीन हातांवरून दिसलं ते. बाईंनीच शिकवलेलं बघायला.

आणि फळी. मोरीच्या वर भिंतीला एक साधी लाकडी फळी आहे, ती बाईंनी लावून घेतली, मी यायच्याही आधी. दिवसभरात ज्याचं जे काम बिघडेल ते त्यानं फळीवर ठेवायचं. फुटलेला साचा, भाजताना फुगलेली हिरडी, वाकडा दात, काहीही. चहाला सगळे बसले की एकेकानं आपलं काम उचलायचं आणि सांगायचं. सगळ्यात जुनं माणूस आधी, म्हणजे बाई आधी. ऐकणाऱ्यांनी एकच प्रश्न विचारायचा, "कुठे?" कुठे हात जास्त दाबला गेला, कुठे मेण कमी तापलं, कुठून हे वाकडं जायला लागलं. कोणी केलं हा प्रश्नच नाही, कारण ते माणूस समोर हातात घेऊनच बसलेलं असतं. आणखी एक गोष्ट बाईंनी पहिल्या दिवशी सांगितली होती, दुसऱ्याची चूक उचलायची नाही. "तुला ती कुठे झाली हे ठाऊक नसणार," त्या म्हणाल्या होत्या, "मग तू सांगणार काय, कप्पाळ?"

मी ज्या घरातून आले होते तिथे प्रश्न वेगळा होता. आमच्या बाबांना कपाचा कान तुटलेला दिसला की ते आम्हा भावंडांना ओळीनं उभं करायचे आणि विचारायचे, "कोणी?" आवाज चढवायचे नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटायची. मग उत्तर येईपर्यंत सगळं घर थांबायचं, आई गॅस बारीक करून दारात उभी राहायची. मी फार लवकर शिकले. तुकडे कुठे पुरायचे, तोंड कसं कोरं ठेवायचं, भावाकडे न बघता त्याच्यावर संशय कसा जाईल असं उभं राहायचं. माझ्याइतकं निरागस तोंड त्या घरात दुसरं कोणाचं नव्हतं. ते तोंड घेऊनच मी या कारखान्यात आले. पहिल्याच दिवशी साचा सोडवताना पुढचा दात खट्कन तुटला. माझी पाचावर धारण बसली, पण तोंड कोरं, आणि तोंडात सबबी तयार. प्लास्टर ओलं होतं, साचा आधीच तडकलेला होता, कोणीतरी टेबलाला धक्का दिला. बाई आल्या, तो तुटका दात चिमटीत धरून उजेडाकडे नेला आणि म्हणाल्या, "कुठे?" मला कळलंच नाही काय विचारतायत. "कुठून तुटला बघ ना. मुळाशी. म्हणजे तू वर ओढलंस, आधी हलवून सैल नाही केलंस. घाई आहे का कुठे जायची?" सगळे हसले. त्या हसण्यात मीही कधी सामील झाले हे मला कळलं नाही. तेव्हापासून माझं नाव घाई. सबबी सगळ्या तोंडातच राहिल्या, आणि संध्याकाळी घरी जाताना रस्त्यात मला उगाचच रडू आलं. कोणी रागावलं नाही म्हणून रडणारी मी जगातली पहिलीच असेन.

म्हणून बाईंनी ती कवळी खणात टाकली तेव्हा मला वाटलं, माझ्याच घरात कोणीतरी तुकडे पुरतंय.

हे सगळं याच आठवड्यात व्हायला हवं होतं का? मालक आजारी पडल्यापासून कारखाना त्यांचे जावई बघतात. माणूस वाईट नाही. सकाळी सगळ्यांना नमस्कार करतात, पंखा दुरुस्त करून घेतला, पगार वेळेवर. पण त्यांना दातातलं काही कळत नाही आणि ते त्यांना स्वतःला ठाऊक आहे, त्यामुळे सारखे धास्तावलेले असतात. गेल्या काही दिवसांत दवाखान्यांतून मेणाच्या कवळ्या परत आल्या होत्या, सुळे उलटे म्हणून. आमच्याकडे कामावर नाव घालायची पद्धत कधीच नव्हती. जावई काल सकाळी मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "हे कोणी केलं?"  किती वर्षांनी मी तो शब्द तशा सुरात ऐकत होते. माझं तोंड आपोआप कोरं झालं, आणि इकडेतिकडे पाहते तर सगळ्यांचीच तोंडं कोरी. "उद्या चहाला मी बसतो तुमच्यात," ते म्हणाले, "ज्याचं असेल त्यानं सांगावं. नाहीतर मला शोधून काढावं लागेल, आणि मग त्या माणसाला घरी बसवण्याशिवाय इलाज नाही. दवाखाने तुटले तर आपण सगळेच घरी." तेव्हा बाई खाली मान घालून साच्यावर रेघ मारत होत्या. ऐकत होत्या की नव्हत्या, कोण जाणे.

बाईंना घरी बसवायचं म्हणजे कुठे बसवायचं? त्यांची खोली मी पाहिली आहे. पलंग, टेबल, खिडकीत एक रोप, आणि भिंतीवर घड्याळ, जे त्या कारखान्याच्या वेळेपेक्षा थोडं पुढे लावून ठेवतात. लग्न केलं नाही. बहीण परगावी, तिचा फोन येतो, तेव्हाही बाई तिला आमच्याच गोष्टी सांगतात, काकांनी आज काय फोडलं आणि घाईनं काय जाळलं. एकदा तापात पडल्या होत्या, मी सूप घेऊन गेले तर उशीला टेकून हवेतच बोटं हलवत होत्या. म्हटलं, बाई, हे काय? तर म्हणाल्या, "दाढ लावतेय गं. झोप येत नाही." त्यांच्याकडून ते टेबल काढून घ्यायचं म्हणजे मग त्यांचं उरणार काय?

काल संध्याकाळी नवरा आला, शाळेची बस चालवतो तो, आल्या आल्या त्याला शांतता लागते आणि ती मी मिळू दिली नाही. भांडी आपटत सगळं सांगितलं. तो मटार सोलत ऐकत होता. म्हणाला, "तुला राग कसला आलाय नक्की? चुकल्या म्हणून, की लपवलं म्हणून?" मी म्हटलं, "चुकेना का! मी रोज चुकते. पण लपवायचं? त्यांनी?" तो म्हणाला, "मग जाऊन विचार ना त्यांना. तुमचंच ते, कुठे म्हणून." मी आणखी एक पातेलं आपटलं. तो पुढे म्हणाला, "हे बघ, शेवटी कोणाच्या तरी तोंडात जाणारी गोष्ट आहे. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा झालंय. तू काही बोलली नाहीस तर ते म्हातारं माणूस तसंच लापशी खात बसणार." हे मात्र खरं होतं. त्या कवळीच्या चिठ्ठीवर दवाखान्यानं लाल शाईत लवकर हवी असं लिहिलेलं मी पाहिलं होतं. "आणि तू त्यांची चूक स्वतःवर घेतेस असला काही विचार डोक्यात असेल तर तो काढून टाक," तो म्हणाला. "पोरीच्या कॉलेजचं अजून व्हायचंय." तसला विचार माझ्या डोक्यात तोवर आलेलाच नव्हता. त्यानं काढ म्हटलं आणि तो येऊन बसला.

पोरगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. ती इतकीशी होती तेव्हाची गोष्ट, माझा चष्मा तिच्या हातून पडला. मी स्वयंपाकघरात होते, खळ्ळ आवाज आला आणि मला वाटलं, आता ही लपवणार. तर ही तुरुतुरु चालत माझ्याकडे आली, दोन्ही तुकडे दोन मुठींत धरून, आणि म्हणाली, "आई, इथे तुटला." बोट ठेवून दाखवलं बरोबर, नाकाच्या दांडीपाशी. ना रडणं, ना भीती. मी तिला जवळ घेतलं आणि ओट्याकडे तोंड करून कितीतरी वेळ उभी राहिले. हे माझ्या घरातलं नव्हतं, माझ्या आईबापांनी दिलेलं नव्हतं. हे मी बाईंकडून डब्यात घालून रोज थोडं थोडं घरी आणलं होतं आणि पोरीनं ते न सांगता खाल्लं होतं. दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "मग? दांडी जोडून आणलीस की नाही?"

आज सकाळी मी लवकर गेले. कुलूप काढून काका झाडू मारत होते, बाई यायच्या होत्या. मी सरळ त्यांचा खण उघडला. दुसऱ्याचा खण उघडणं हेही आमच्यात बसत नाही, पण माझा राग माझ्यापुढे चालत होता. वर रुमालातली कवळी. खाली काकांची किल्ली, जी आम्ही आठवडाभर सगळा कारखाना पालथा घालून शोधत होतो. एक अर्धं खाल्लेलं बिस्किट. माझी मेणाची सुरी, हिरव्या मुठीची, जी हरवली म्हणून मी जुनीच वापरत होते. आणखी एक रुमाल, त्यात नुसते सुळे, बरेच, डावे आणि उजवे एकत्र. मी ते बघितलं आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, बघा, आमच्याही वस्तू लपवून ठेवायला लागल्या! एवढी वर्षं त्यांनी मला बघायला शिकवलं आणि मी ते असं बघितलं. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कवळी काढून मी माझ्या टेबलावर ठेवली आणि दिवसभर तिच्याकडे बघून कुढत बसले. बाई आल्या, पिशवी खुंटीला लावली, माझ्या पाठीवर नेहमीची थाप मारली. मी वळले नाही. त्यांच्या थापेत वजनच राहिलं नव्हतं, हे लक्षात आलं, आणि का कोण जाणे, राग थोडा उतरला. दुपारभर त्या एकाच साच्यावर बसून होत्या. एक दात उचलायच्या, उजेडात धरायच्या, ठेवून द्यायच्या. पुन्हा तोच उचलायच्या. मध्येच माझ्याकडे बघून हसल्या. ते हसणं ओळखीचं होतं आणि तरी त्यात काहीतरी विचारल्यासारखं होतं, दार चुकून दुसऱ्याच घरात शिरलेलं माणूस हसतं ना, तसं. मला एकदम भीती वाटायला लागली. कसली ते समजत नव्हतं. एवढंच समजत होतं की आज चहाला जावई बसणार आहेत, ते विचारणार आहेत, कोणी, आणि तो शब्द या बाईंच्या अंगावर पडलेला मला बघायचा नाही.

चहा आला. खुर्च्या ओढल्या गेल्या. जावई खरंच येऊन बसले, अवघडून, पाहुण्यासारखे कपबशी गुडघ्यावर धरून. फळी रिकामी होती, इतकी रिकामी मी ती कधी पाहिली नव्हती. बाई म्हणाल्या, "माझं आज काही नाही बाबा." काकांचं काही नव्हतं. कोणाचंच काही नव्हतं. जावयांनी घसा खाकरला. "मी काल म्हणालो होतो..." ते सुरू झाले, आणि मी उठले, माझ्या टेबलावरची कवळी उचलली आणि फळीवर ठेवली.  "माझी आहे," मी म्हटलं. "परत आलेल्याही माझ्याच." काकांनी झटकन माझ्याकडे पाहिलं. त्यांना माझा हात ठाऊक आहे, मी झोपेतसुद्धा सुळा उलटा लावणार नाही हेही ठाऊक आहे. त्यांचं तोंड उघडलं आणि मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं. जावई म्हणाले, "तुमची? एवढ्या वर्षांच्या कामानंतर?" मी म्हटलं, "होतं असं." बाबांसमोरचं ते कोरं तोंड अजून तसंच्या तसं होतं. मनात म्हटलं, विचारा आता बाई, ओरडा माझ्यावर, म्हणा की दुसऱ्याची चूक का उचललीस, आणि उचला तुमची तुम्ही. कुठेतरी मला तेच हवं होतं. त्यांनी लाजावं आणि मग सगळं पूर्वीसारखं व्हावं.

बाई उठल्या. फळीवरून ती कवळी घेतली, चष्मा खाली ओढला, खिडकीशी गेल्या. बराच वेळ ती हातात फिरवत राहिल्या, आणि मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आता काहीतरी हलेल तिथे, ओळखीचं काही. काही हललं नाही. त्या ती अशी बघत होत्या जशी आयुष्यात प्रथमच बघतायत. मग त्यांचा चेहरा मऊ झाला. तो मऊपणा मी विसरले होते, कारण तो फक्त नवीन माणसांसाठी असतो. माझ्या शेजारची खुर्ची त्यांनी ओढली, आणि गुडघ्याला गुडघा लावून बसल्या.

"रडायचं नाही हं," त्या म्हणाल्या. मी रडत नव्हते. "पहिल्या पहिल्यांदा सगळ्यांचं होतं हे. माझंही व्हायचं. बघ बरं, कुठे चुकलं?"

  जावयांच्या हातातली कपबशी किणकिणली आणि त्यांनी ती दुसऱ्या हातानं धरली. मी झाकायला गेले होते आणि सगळ्यांसमोर उघडं करून बसले होते. लपवलं कधीच नव्हतं त्यांनी. खणात टाकलं आणि खण बंद झाल्याबरोबर त्यांच्या लेखी ते काम जगातून नाहीसं झालं. मी कालपासून ज्या माणसावर दातओठ खात होते ते माणूस तिथे नव्हतंच, आणि जे होतं ते इतकं एकटं होतं की त्याला स्वतःच्या एकटेपणाचाही पत्ता नव्हता.

"सांग ना," बाई म्हणाल्या. "कुठे?"

"ठाऊक नाही, बाई," मी म्हटलं. खरंच ठाऊक नव्हतं.

"हे सुळे बघ. उलटे लागलेत. तू जबड्याकडे बघितलंस, माणसाकडे नाही बघितलंस." त्यांनी माझा हात धरला, माझं बोट त्या सुळ्यावर ठेवलं. "इथे माणूस बसलाय असं समजायचं, तुझ्या समोर. त्याला नमस्कार करायचा मनात. मग त्याचा उजवा हात कुठला ते बघायचं, आणि मगच सुळा उचलायचा. कळलं? आण सुरी." मी माझ्या टेबलावरून जुनी सुरी आणली, हिरव्या मुठीची त्यांच्या खणातच होती. त्यांनी दिवा लावायला सांगितला. मेण मऊ करून मी दोन्ही सुळे काढले. माझे हात आता इतके कापत होते की कोणालाही वाटावं, हिचा पहिलाच दिवस. बाई एकेक गोष्ट सांगत होत्या, किती तापवायचं, टोक किती बाहेर, मान किती आत, आणि त्यांच्या सांगण्यात केसाएवढीही चूक नव्हती. हातातून गेलेलं सगळं जिभेवर शाबूत होतं. काका कधी उठून मागे येऊन उभे राहिले कळलं नाही. पलीकडच्या टेबलावर पोर्सेलिनचे दात करणारी डोळे पुसत होती. जावई बसूनच होते, आणि त्यांनी तो शब्द पुन्हा उच्चारला नाही. उद्या ते काय ठरवतील हे मला त्यांच्या तोंडावर वाचता आलं नाही. बहुतेक त्यांचं त्यांनाही आलं नसावं.

उजवा सुळा उजवीकडे बसला. मी डावा घ्यायला पटकन हात पुढे केला. डोळ्यांत पाणी आलं होतं, नीट दिसत नव्हतं, आणि मला हे लवकर संपायला हवं होतं. बाईंनी माझं मनगट धरलं आणि प्रेमानं, अगदी नवीन कोणाला तरी विचारावं तसं, विचारलं,

"घाई आहे का कुठे जायची?"

कोणी हसलं नाही.

"नाही, बाई," मी म्हटलं, "कुठेच जायचं नाही मला."